सोने वितळण्याआधीच उकळणारा धातू

सोने 1064 अंश सेल्सिअसला वितळते. कॅडमियम 767 अंशांनाच उकळते. सोनाराच्या ज्योतीपुढे हे दोन धातू एकत्र आले, की सोने अजून घट्ट असतानाच कॅडमियमची वाफ झालेली असते. हवेत येताच तिचा पिवळसर तपकिरी धूर होतो. दागिन्यावर वाकून सांधा न्याहाळणाऱ्या कारागिराचे नाक त्या धुरापासून जेमतेम वीतभर दूर असते.

हा अपघात नव्हे. कॅडमियम वापरले गेले ते याच गुणासाठी. जुन्या डाकात, म्हणजे सांधा जोडणाऱ्या मिश्रधातूत, तांबे, पितळ असे काहीबाही मिसळलेले असे. सांधा पक्का व्हायचा, पण ती भर दागिन्यातच राहायची आणि मोडीच्या वेळी आटणीत सोन्याचा कस उतरलेला निघायचा. त्यावरून गिऱ्हाईक आणि सराफ यांच्यात किती पिढ्या वाद झाले असतील, ते जळगावच्या आसपास राहणाऱ्यांना सांगायला नको. मग कॅडमियमचा, बाजारच्या भाषेत केडीएमचा, डाक आला. साधारण 92 भाग सोने आणि 8 भाग कॅडमियम. लवकर वितळतो, सांध्यात छान पसरतो, आणि कॅडमियमचा बराचसा भाग उडून गेल्यामुळे मागे जवळजवळ सोनेच उरते. बावीस कॅरेटचा दागिना बावीस कॅरेटचाच राहतो. त्यामुळे ‘केडीएमचा आहे’ हे वाक्य बरीच वर्षे खात्रीचे प्रमाणपत्र म्हणून चालले. सोन्यातून उडालेले कॅडमियम कुठे गेले, हे मात्र गादीवर बसून कोणी विचारले नाही.

आता हॉलमार्कच्या व्यवस्थेत कॅडमियमच्या डाकाला जागा नाही. 2021पासून देशातल्या अनेक जिल्ह्यांत हॉलमार्क सक्तीचा झाला आणि जस्त, इंडियम असे पर्यायही बाजारात आहेत. मग जुने कशाला उकरायचे? कारण कॅडमियम स्वतः जुने होत नाही. फुप्फुसातून रक्तात आणि रक्तातून यकृतात गेलेले कॅडमियम मेटॅलोथायोनिन नावाच्या प्रथिनाला चिकटून अखेरीस मूत्रपिंडात येऊन बसते. तिथून ते निम्मे व्हायला 10 ते 30 वर्षे लागतात. विसाव्या वर्षी हुंगलेल्या धुराचा हिशेब चाळिशीतही पुरता मिटलेला नसतो.

हा हिशेब पाहण्याची खिडकी म्हणजे लघवी. मूत्रपिंडातल्या साठ्यातून कॅडमियमचा अगदी थोडा अंश रोज बाहेर पडतो आणि साठा जितका मोठा, तितका तो अंशही मोठा. रक्तातले कॅडमियम मुख्यतः गेल्या काही महिन्यांचे सांगते, लघवीतले आयुष्यभराचे. दहा वर्षांपूर्वी डाक देणे सोडून आता काउंटरवर बसणाऱ्या माणसाचे फक्त रक्त तपासले, तर त्याचा भूतकाळ बराचसा निसटतो.

भारतातल्या सोनारकामाचा या अंगाने अभ्यास झाला आहे. पश्चिम बंगालमधल्या लहान दागिने कारखान्यांतल्या कारागिरांवरचा एक शोधनिबंध 2013 साली ‘थोरॅक्स’ या श्वसनविकारांच्या नियतकालिकात आला. संशोधकांनी कारागिरांच्या लघवीतले कॅडमियम मोजले आणि त्यांना नळीत फुंकायला लावून फुप्फुसाची क्षमताही मोजली. लघवीतले कॅडमियम जितके जास्त, तितकी फुंकर कमी भरली. हा अभ्यास बंगालचा असला तरी खानदेशाला परका नाही. महाराष्ट्रातल्या सराफ बाजारांच्या माड्यांवर बारीक काम करणारे हात मोठ्या संख्येने बंगाली आहेत. एकाच खोलीत कामही करायचे, जेवायचे आणि रात्री तिथेच अंथरूण टाकायचे, असा अनेकांचा दिनक्रम. अशा खोलीत धूर श्वासातून जातो, तसाच धुळीवाटे घासातूनही जातो. आतडे कॅडमियम शोषते ते जेमतेम पाचेक टक्के, पण अंगात लोह कमी असेल तर हे प्रमाण वाढते. तंबाखूच्या पानात कॅडमियम साठते, म्हणून धूम्रपान करणाऱ्यांच्या शरीरातला साठा न करणाऱ्यांच्या साधारण दुप्पट असतो. कारागीर बिडी ओढतो की नाही, हे न विचारता त्याच्या आकड्याचा अर्थ लावणे धाडसाचे ठरेल.

आता ही तपासणी प्रत्यक्षात कशी होते हे पाहायला खानदेशातल्याच एरंडोलला येऊ. जळगावहून धुळ्याकडे निघाले की महामार्गावर पाळधीनंतर लागणारे हे तालुक्याचे गाव. अशा गावातल्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये साखर, हिमोग्लोबिन, लघवीची साधी तपासणी तिथल्या तिथे होते. धातू मोजण्याचे यंत्र तिथे असण्याचे कारणही नाही. ते महागडे असते आणि चालवायला शिकलेला माणूस लागतो. म्हणजे नमुना डबीत भरून मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेकडे जाणार. माझ्या मते तपासणीचे निम्मे यशापयश तो एरंडोल सोडण्याआधीच ठरलेले असते.

पहिली गोष्ट डबी. आपण मोजणार आहोत ते लिटरमागे मायक्रोग्रॅममध्ये, म्हणजे एका ग्रॅमचे दहा लाख भाग करून त्यातले दोन-चार. डबी आम्लाने धुतलेली, धातूंपासून मुक्त अशी खास प्लॅस्टिकची लागते. पत्र्याचे झाकण नको. कारखान्यात बसून, कामाच्याच कपड्यांत, डाकाची धूळ लागलेल्या बोटांनी नमुना दिला, तर बोटावरून पडलेला एक कण मूत्रपिंडाने दिवसभरात गाळलेल्या कॅडमियमला सहज भारी पडेल. आंघोळ करून, धुतलेले कपडे घालून, घरी किंवा लॅबमध्येच नमुना द्यावा. इतक्या साध्या गोष्टीमुळे रिपोर्ट चुकतात.

दुसरी गोष्ट पाणी, आणि ती खानदेशात फार महत्त्वाची. मे महिन्यात पारा 44-45 अंशांवर जातो तेव्हा शेगडीजवळ बसणाऱ्याच्या अंगातले पाणी घामावाटे जाते आणि लघवी दाट, पिवळीधमक होते. तोच माणूस सकाळी तांब्याभर पाणी पिऊन आला तर ती पाण्यासारखी. धातू शरीरातून तेवढाच निघतो, पण एकदा थोड्या पाण्यात, एकदा पुष्कळ पाण्यात. त्यासाठी क्रिएटिनिनचा आधार घेतात. स्नायूंच्या रोजच्या झिजेतून तयार होणारे हे द्रव्य बऱ्यापैकी ठरावीक गतीने लघवीतून जाते. धातूचा आकडा लिटरमागे न सांगता क्रिएटिनिनच्या ग्रॅममागे सांगितला, की पाण्याचा घोळ बराच मिटतो. उदाहरण घ्या. एकाच्या लघवीत लिटरला 6 मायक्रोग्रॅम कॅडमियम आणि 2 ग्रॅम क्रिएटिनिन, दुसऱ्याच्या लघवीत 3 मायक्रोग्रॅम आणि अर्धा ग्रॅम. वरवर पाहता पहिला जास्त बाधित वाटतो. भागाकार केला की पहिला ग्रॅममागे 3 आणि दुसरा 6. काळजी करायची ती दुसऱ्याची. अमेरिकेतल्या औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या एसीजीआयएच या संस्थेने कामगारांसाठी दिलेली खूण ग्रॅममागे 5 आहे.

क्रिएटिनिनही सर्वज्ञ नाही. अंगात मांस नसलेल्या म्हातारीत ते इतके कमी असते की भागाकार करताच धातूचा आकडा उगाच फुगतो. लघवी फारच पातळ किंवा फारच दाट असेल, लिटरला 0.3 ग्रॅमहून कमी किंवा 3 ग्रॅमहून जास्त क्रिएटिनिन असेल, तर तो नमुना टाकून दुसरा घ्यावा असा जागतिक आरोग्य संघटनेचा जुना संकेत आहे. रिपोर्टवर क्रिएटिनिन छापलेलेच नसेल, तर तो रिपोर्ट परत पाठवायला लाजू नये.

तिसरी गोष्ट जरा उपरोधिक आहे. कॅडमियमने मूत्रपिंडातल्या नलिका खराब होतात तेव्हा एरवी परत शोषली जाणारी छोटी प्रथिने लघवीत गळू लागतात. बीटा-2 मायक्रोग्लोब्युलिन हे त्यांतले प्रसिद्ध नाव. तालुक्याच्या लॅबमधली रंग बदलणारी पट्टी मात्र मुख्यतः अल्ब्युमिन या मोठ्या प्रथिनाला ओळखते. त्यामुळे ‘प्रोटीन: निल’ असा समाधानाचा शेरा हातात असताना नलिका गळत असू शकतात. वर हे बीटा-2 आम्लधर्मी लघवीत, मूत्राशयातच, मोडून जाते. म्हणून जाणकार त्याच्याबरोबर, किंवा त्याच्याऐवजी, रेटिनॉल-बाइंडिंग प्रोटीन मागवतात. नलिकांची ही नासधूस वाढत गेली की हाडांपर्यंत पोचते. जपानमधल्या तोयामा प्रांतात जिंझू नदीच्या पाण्यावर भात पिकवणाऱ्या गावांतल्या बायकांची हाडे साध्या हालचालीने मोडू लागली. वरच्या अंगाच्या कामिओका खाणीतले कॅडमियम नदीतून भातात आणि भातातून मूत्रपिंडात आले होते. सरकारने 1968 साली या आजाराला प्रदूषणजन्य रोग म्हणून मान्यता दिली.

इतका वेळ कॅडमियमविषयीच बोललो, कारण लघवीची तपासणी त्याला चपखल बसते. प्रत्येक धातूला ती बसत नाही, आणि इथेच पुष्कळ पैसे वाया जातात.

पारा घ्या. सोनाराच्या दुकानातली झाडलोट विकत घेऊन, धुऊन, तिच्यातले सोन्याचे कण काढणारे झारेकरी आपल्याकडे पूर्वापार आहेत. धुतलेल्या रेतीत पारा घोळवला की तो सोन्याचे कण गिळतो, मग तापवून पारा उडवायचा. द्रवरूप पारा चुकून गिळला गेला तर जवळजवळ सगळाच शौचावाटे निघून जातो, पण त्याची वाफ हुंगली तर सुमारे 80 टक्के शरीरात राहते. ही वाफ शोधायला लघवी उत्तम. तिच्यातला पारा निम्मा व्हायला साधारण दोन महिने लागतात. पारा माशांतून आला असेल, तर तो मेथिल मर्क्युरीच्या रूपात असतो आणि लघवीत फारसा उतरत नाही. त्याला रक्त किंवा केस तपासावे लागतात. धातू एकच, पण वाट बदलली की डबीही बदलते.

शिशाची गोष्ट उलटी. ते रक्तातल्या तांबड्या पेशींत दडून बसते आणि हाडांत दशकानुदशके मुरते. लघवीत उतरते ते थोडे आणि बेभरवशाचे, म्हणून शिशासाठी आधी रक्तच तपासायचे. तरीही लघवीला तिथे एक मानाचे काम आहे. हिमोग्लोबिन बनवण्याच्या साखळीतले एक विकर शिसे अडवते, त्यामुळे अलीकडचा कच्चा माल, डेल्टा-अमिनोलेव्ह्युलिनिक आम्ल, थोडक्यात एएलए, तुंबतो आणि लघवीत सांडतो. लघवीतला एएलए शिसे किती आहे हे सांगत नाही, शिशाने काय केले ते सांगतो. पश्चिम महाराष्ट्रातले बॅटरी कारखान्यांतले कामगार आणि चांदीचे कारागीर यांच्यावर 2006-07च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत रक्तातले शिसे आणि लघवीतला एएलए, दोन्ही वाढलेले आढळले. शिशाची धोकादायक कामे चालणाऱ्या कारखान्यांसाठीच्या नियमांत रक्ताबरोबर लघवीतला एएलए तपासायला सांगितले आहे. त्याच नियमांत हात स्थिर राहतो का हे पाहण्याचीही एक चाचणी आहे, आणि तिला कुठलेच यंत्र लागत नाही हे मला आवडते.

आर्सेनिकची परीक्षा लघवीतूनच, पण घाईने. अंगात गेलेले अजैविक आर्सेनिक दोन-चार दिवसांत मोठ्या प्रमाणावर निघून जाते. उशीर झाला तर रिपोर्ट निरागस दिसतो. शिवाय घोळ घालते ती बाजारातली सुकटवाली. सुकट, बोंबील, कोळंबी यांत आर्सेनोबीटेन नावाचे आर्सेनिक असते. ते निरुपद्रवी आहे, न बदलता बाहेर पडते, पण यंत्राला एकूण आर्सेनिक मोजायला सांगितले तर तेही मोजले जाते. सोमवारी बोंबलाचे कालवण खाऊन मंगळवारी नमुना दिला, तर विषबाधेचा आकडा हातात पडू शकतो. समुद्री खाणे चार-पाच दिवस बंद ठेवून नमुना द्यावा, किंवा आर्सेनिकची रूपे वेगळी करून मोजणारी तपासणी मागावी.

यंत्राचेही स्वतःचे चकवे आहेत. आजकाल वापरतात ते आयसीपी-एमएस नमुन्याचा फवारा आर्गॉन वायूच्या हजारो अंश तापलेल्या प्लाझ्मात सोडते, सगळे अणू सुटे करते आणि वजनावरून ओळखते. आर्सेनिकचे वजन 75. आर्गॉनचे 40 आणि लघवीतल्या मिठातल्या क्लोरीनचे 35, दोघे चिकटले की 75. यंत्राला वाटते आर्सेनिकच आले. तसेच मॉलिब्डेनम आणि ऑक्सिजनची जोडी कॅडमियमचा वेश घेते. चांगल्या प्रयोगशाळा मध्ये हेलियमचा अडथळा ठेवून किंवा गणिताने ही तोतयेगिरी पकडतात. म्हणून स्वस्तात पंचवीस धातूंचा तक्ता देणाऱ्या जाहिरातीपेक्षा, आर्सेनिक कसे वेगळे काढता हे विचारल्यावर उत्तर देऊ शकणारी प्रयोगशाळा बरी.

त्या पंचवीस धातूंच्या पॅकेजविषयी माझे मत कडक आहे. थकवा येतो, केस गळतात, झोप लागत नाही म्हणून सगळे धातू तपासायचे, ही खेळी सोपी आहे. पंचवीस आकडे मागवले की निव्वळ योगायोगाने एखादा तरी ठळक अक्षरात येतोच. संदर्भमर्यादा बहुधा अशा आखलेल्या असतात, की निरोगी माणसांतलेही शेकडा काही जण तिच्याबाहेर पडावेत. अमेरिकेतल्या विषशास्त्रज्ञांच्या संघटनांनी 2013 साली डॉक्टरांना स्पष्ट सांगितले, की संपर्काचा इतिहास नसताना मोघम तक्रारींसाठी जड धातूंची चाळणी मागवू नका.

त्याहून वाईट प्रकार म्हणजे आधी औषध देऊन लघवी तपासणे. डीएमएसए, डीएमपीएस, ईडीटीए ही धातूंना कवेत घेऊन बाहेर काढणारी औषधे. शिशाची खरी, सिद्ध झालेली विषबाधा असेल तर ती जीव वाचवतात. पण काही जण आधी त्यांचा डोस देतात, पुढच्या काही तासांची लघवी गोळा करतात आणि तो आकडा औषध न घेतलेल्या माणसांच्या मर्यादेशी ताडून पाहतात. प्रत्येकाच्या हाडांत थोडेफार शिसे असतेच. औषधाने ओढले की ते निघणारच, निरोगी माणसातही निघणार. मग रिपोर्टवर लाल पट्टा, आणि त्यापाठोपाठ महिनोनमहिने चालणारी ‘डिटॉक्स’ची सलाइने. अमेरिकन कॉलेज ऑफ मेडिकल टॉक्सिकॉलॉजीने 2010 साली प्रसिद्ध केलेल्या भूमिकेत या पद्धतीला शास्त्रीय आधार नाही आणि तिने अपाय होऊ शकतो असे म्हटले. अपाय काल्पनिक नाही. 2005 साली पेनसिल्व्हेनियात स्वमग्न असलेला पाच वर्षांचा एक मुलगा अशाच उपचारात दगावला. त्याला दिलेल्या ईडीटीएच्या प्रकाराने रक्तातले कॅल्शियम इतके उतरले की हृदय थांबले. नावे जवळजवळ सारखी असलेल्या दोन औषधांतला तो फरक होता.

उलट बाजूने, ज्यांनी खरोखर तपासणी करावी त्यांना ती कोणी सुचवत नाही. वैदूने दिलेली भस्मे वर्षभर घेणारा आणि पोटात कळा येणारा माणूस. बोस्टनच्या बाजारात विकल्या जाणाऱ्या 70 आयुर्वेदिक उत्पादनांपैकी 14 मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडल्याचे 2004 सालच्या एका शोधनिबंधात नोंदले गेले, आणि ती उत्पादने दक्षिण आशियातूनच गेली होती. कल्हईच्या कथिलात शिसे मिसळलेले असले तर ते भांड्यातून आंबट वरणात उतरते; ते वरण रोज खाणारे घर. महामार्गाकडेला जुन्या बॅटऱ्या फोडणारा पोरगा. आणि अर्थातच डाक देणारा कारागीर. यांतल्या कोणाला काय तपासायला पाठवायचे हे यंत्र सांगत नाही, ‘काम काय करता, किती वर्षे, काय खाता, काय ओढता’ या चार प्रश्नांतून ते कळते. ओपीडीच्या रांगेत तेवढा वेळ डॉक्टरला मिळतो का, हा वेगळा मुद्दा.

कायद्याने या प्रश्नांना जागा दिली होती. 2025पर्यंत लागू असलेल्या 1948च्या कारखाना कायद्यातल्या तिसऱ्या परिशिष्टात शिसे, पारा, आर्सेनिक यांची विषबाधा कळवण्याजोग्या रोगांत होती आणि कलम 89 नुसार ती आढळल्यास उपचार करणाऱ्या डॉक्टरने मुख्य कारखाना निरीक्षकांना कळवायचे होते. पण कारखाना म्हणजे विजेवर चालणारा असेल तर दहा कामगार, नाहीतर वीस, अशी त्या कायद्याची मूळ व्याख्या होती. माडीवर चार-पाच जण बसून काम करतात ती खोली या व्याख्येत बसत नव्हती. तिथे तपासणीचा खर्च एक तर पेढीच्या मालकाने स्वखुशीने करायचा किंवा कारागिराने खिशातून.

आकडा जास्त आला तर पुढे काय? शिशाला औषध आहे. जुन्या, साठलेल्या कॅडमियमला बाहेर काढणारे मान्यताप्राप्त औषध नाही. धूर थांबवणे हाच उपचार. कॅडमियमविना डाक, शेगडीवर धूर ओढणारी चिमणी, झोपायची खोली वेगळी, बिडी बंद, आणि वर्षाने पुन्हा तपासणी. दुसऱ्या वर्षी आकडा फारसा उतरला नाही म्हणून घाबरायचे कारण नाही. तो उतरतोच हळू. वाढला, तर मात्र धूर कुठून तरी अजून येतो आहे.

नवीन पोरगा कामाला बसतो त्या आठवड्यातच एकदा त्याची लघवी तपासून ठेवली, तर पुढचे सगळे आकडे कशाशी ताडायचे ते ठरते. ही पहिली नोंद सहसा कोणाकडेच नसते. कारागीर आज एरंडोलला, दोन वर्षांनी सुरतेला, मग हुगळीला घरी. म्हणून क्रिएटिनिनच्या आकड्यासकट तो कागद पेढीच्या कपाटात न ठेवता त्याच्याच हातात द्यावा. पंधरा वर्षांनी त्याची लघवी तपासणाऱ्या डॉक्टरला तो लागणार आहे.